धाकट्या बेटावरचं सीमांतपूजन

एका जंगलात, मुलांनो, एक दिवस पाणी आलं आणि परत गेलंच नाही.

खाली कुठेतरी माणसांनी नदीला भिंत घातली होती. का घातली ते त्यांना विचारा, मला विचारू नका. पाणी चढत राहिलं. आधी ओढे बुडाले, मग कुरणं बुडाली, मग करवंदाच्या जाळ्या बुडाल्या. टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. कालपर्यंत ज्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं, त्या टेकड्या एकदम बेटं झाल्या.

त्यातली दोन बेटं आपल्या गोष्टीतली. थोरलं बेट ऐसपैस होतं आणि काठाला खेटून होतं. धाकटं बेट एवढंसं होतं, आणि थोरल्याच्याही पलीकडे, आडबाजूला होतं.

आता यात न कळण्यासारखं काय आहे? घर लहान असलं की माणसं कमी मावतात. घर आडवाटेला असलं की पाहुणे कमी येतात. धाकट्या बेटाचं दोन्ही तसंच. हे शेंबड्या पोरालाही कळेल. तुम्हाला कळलं ना? झालं तर मग. धाकट्या बेटावर मात्र ते कुणालाच कळलं नाही, कारण तिथे सगळे मोठे होते.

पहिला गेला बिबळ्या. "इथे मी भेकरामागे धावायला लागलो की थेट पाण्यातच पडतो," असं म्हणून तो पोहत थोरल्या बेटावर गेला आणि तिथून काठावरच्या रानात गेला.

बेटावर आनंदीआनंद झाला. ससे नाचले. भेकरं नाचली. रानडुक्कर सुळोजीराव एका खडकावर चढले आणि म्हणाले, "बंधूंनो, आपण मोकळे झालो!" खडकावर चढून बोलणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून सुळोजीराव अध्यक्ष झाले. अध्यक्ष असेच होतात. सुळोजीरावांना पोहायला उत्तम येत होतं. ते बोलून दाखवत नसत, पण तुम्ही लक्षात ठेवा.

त्यांनी बेटाला एक रीत घालून दिली. जो प्राणी बेटावरून कायमचा नाहीसा होईल, मरून असो की पळून, त्याचं तेरावं घालायचं. जेवणं झाली की त्याचा हिस्सा उरलेल्यांत वाटायचा. त्याची बिळं, त्याची झाडं, पाणी प्यायची त्याची जागा आणि समितीवरची त्याची पदंसुद्धा. बिबळ्याचं तेरावं दणक्यात झालं. त्याची गुहा साळिंदरानं घेतली.

सगळ्यांना ही रीत एवढी आवडली की काय सांगू! कोण खोकतंय, कोण लंगडतंय, यावर बारीक नजर राहू लागली. शेजारी आजारी पडला की लोक त्याची तब्येत विचारायला जात आणि येताना त्याच्या बिळाची लांबीरुंदी बघून येत.

बिबळ्या नाही म्हटल्यावर भेकरं बेसुमार वाढली. कोवळं रोप दिसलं की मटकावलं. एकही नवं झाड वर येईना. मग खायला काही उरलं नाही, भेकरं रोडावली आणि एका उन्हाळ्यात संपली. तेरावं झालं. मुंगसं मुळात थोडी होती, ती आपापसातच लग्नं करून करून रोगट झाली आणि संपली. तेरावं झालं. मग उंदीर माजले, घरट्यांतली अंडी खायला लागले, पाखरं कंटाळून उडून गेली, मग उपाशी उंदीरही संपले. पाखरांचं तेरावं तर काय, लाडवांचं झालं.

ए, मागे बसून हसू नकोस. तुला लाडू ऐकू आले, बाकी काही ऐकू आलं नाही.

आता कुणी म्हणेल, थोरल्या बेटावर कुणी मरत नव्हतं का? मरत होतं की. तिथेही रोग होते, रोज भांडणं होती, एखादी जात संपली असं तिथेही व्हायचं. पण काठ हाकेच्या अंतरावर. एक गेला की त्याच्या जागी दुसरा टपकलाच. कुणी पोहत यायचं, कुणी फांदीवरून यायचं. थोडा आरडाओरडा व्हायचा आणि मग तो तिथलाच होऊन जायचा.

धाकट्या बेटावर येणारे मुळातच थोडे. एकदा ओंडक्यावर बसून मुंगसाचं एक जोडपं आलं. भिजलेलं, गारठलेलं. बेटावर मुंगसांची जागा रिकामीच होती. पण सुळोजीरावांनी त्यांना काठावरच उभं केलं.

"तुझे पणजोबा पाणी येण्याआधी कुठे राहत होते?"

"इथेच की," मुंगूस म्हणालं. "आणि तिकडेही. तेव्हा सगळं एकच रान होतं ना हो."

"म्हणजे नक्की पत्ता नाही," सुळोजीराव म्हणाले, आणि त्या दोघांना ओंडक्यासकट परत पाण्यात लोटून दिलं. रिकाम्या जागेचा हिस्सा वाटून झाला होता. तो परत कोण देणार?

आता या बेटावर एक शेकरू राहत होती. तांबडाक्का तिचं नाव. तिची एकुलती एक लेक कुसुंबी. आणखी एक शेकरू होतं, कुसुंबीचे चुलतआजोबा. त्यांना दात नव्हते, पण मतं होती. संपूर्ण बेटावर एवढीच शेकरं उरली होती.

तांबडाक्कांचा रुबाब मोठा. जसजसे प्राणी कमी होत गेले तसतशी पदं आक्कांकडे येत गेली. त्या हद्द समितीच्या उपाध्यक्ष होत्या. महिला आघाडीच्या प्रमुख होत्या. आघाडीत त्या आणि कुसुंबी. आणि त्या स्वागत समितीच्याही अध्यक्ष होत्या. बेटावर कुणी यायचं नाही असा ठराव होता, तरी स्वागत समिती होती.

शेकरू काही पोहणारं जनावर नाही. ते झाडावरून झाडावर जाणार. धाकट्या बेटावरून बाहेर जायला त्यांना एकच वाट होती. इकडच्या काठावरून एक म्हातारा उंबर पाण्यावर झुकला होता. थोरल्या बेटावरून एक जांभूळ झुकलं होतं. मधे दोघांच्या फांद्या एकमेकींत अडकल्या होत्या आणि उंबराच्या बुंध्यापासून गेलेल्या गारंबीच्या एका जाड वेलानं त्यांना घट्ट बांधून ठेवलं होतं. याला सगळे फांदीवाट म्हणत.

कुसुंबी वयात आली. रोज सकाळी ती उंबराच्या शेंड्यावर जाऊन हाक घालायची. शेकराची हाक केवढी खणखणीत असते! तिसऱ्या-चौथ्या हाकेला थोरल्या बेटावरून उत्तर यायचं. उत्तर देणाऱ्याचं नाव झुपक्या. दोघांनी एकमेकांना लांबूनच पाहिलं होतं. कुसुंबी खाली यायची ती हसतच यायची.

दोन्ही बेटांवर ऊठबस असलेला एक खंड्या होता. तो मासे मारायचा आणि जोडधंदा म्हणून लग्नं जुळवायचा. तो तांबडाक्कांकडे आला.

"आक्का, स्थळ आणलंय. झुपक्या. मुलगा निर्व्यसनी आहे, स्वतःची चार घरटी आहेत."

"शेपटीचा गोंडा कसा आहे?" आक्कांनी विचारलं.

"पांढरट."

"आमचा पिवळसर असतो," आक्का म्हणाल्या. "आमच्या घराण्यात पांढरट चालत नाही."

चुलतआजोबांनी मान हलवली. खंड्या गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे नवरी चांगली नाकीडोळी नीटस होती. विघ्न घालणारीच घरात बसली होती.

मग एके दिवशी चुलतआजोबा मेले. तेराव्याला सुळोजीराव पोटभर जेवले. हात धुता धुता त्यांनी आक्कांकडे पाहिलं, मग कुसुंबीकडे पाहिलं, आणि साळिंदराला हळूच विचारलं, "शेकरांकडे ऐनाची झाडं किती आहेत रे?"

आक्कांनी ते ऐकलं.  पहिल्यांदाच त्यांना कळलं की पुढच्या पंगतीत आपण पानावर नसणार, आपल्या नावानं पान मांडलेलं असणार. त्या धावत खंड्याकडे गेल्या.

"खंड्याभाऊ, पांढरट चालेल!"

"आता ते लोक मानपान मागतील, आक्का."

"देऊ. पण मुलगा घरजावई आला पाहिजे. पोरगी गेली की आमचा हिस्सा गेला."

झुपक्याची आई आधी भडकली. माझा लेक काय टाकून द्यायचा आहे का, म्हणाली. पण झुपक्यानं खाणंपिणं सोडलं, तेव्हा ती कबूल झाली. मुहूर्त ठरला. कुसुंबीनं त्या दिवशी इतक्या हाका घातल्या की तिचा घसा बसला.

आक्का परवानगी मागायला सुळोजीरावांकडे गेल्या. त्यांना वाटलं, नाही म्हणतील. पण सुळोजीराव गोड हसले.

"अहो आक्का, तुमचा जावई तो बेटाचा जावई. येऊ दे की. पण जावई आला की मागून त्याचे भाऊ येतील, मामा येतील, मेव्हणे येतील. त्याचं काय?"

"खरं आहे," आक्का म्हणाल्या. त्या उपाध्यक्षच होत्या, त्यांना खरं वाटणारच.

"तेव्हा असं करू. जावई अलीकडे आला की लगेच फांदीवाट तोडायची. एकच मुहूर्त, दोन्ही कार्यं. तुम्ही सीमांतपूजनाला तिथे असणारच. प्रमुख पाहुण्या तुम्हीच. वेलाला पहिला दात तुमचा."

प्रमुख पाहुण्या! आक्का घरी आल्या त्या जमिनीवरून चालत नव्हत्या. शेकरू तसंही जमिनीवरून चालत नाही म्हणा, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

दुसऱ्या दिवसापासून सुळोजीराव उंबराच्या मुळाशी उकरायला लागले. "झाडाला हवा लागते," ते म्हणाले. उकरून उकरून त्यांनी मुळं उघडी पाडली. शेवटी तो उंबर नुसता त्या गारंबीच्या वेलाला धरून उभा राहिला. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे तोरणं बांधण्यात गुंतले होते.

लग्नाचा दिवस उजाडला. आता सीमांतपूजन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. वऱ्हाड वेशीवर आलं की मुलीकडच्यांनी सामोरं जायचं, नवरदेवाचे पाय धुवायचे, मानानं आत घ्यायचं. चांगली रीत आहे. पण वेस कुठे आहे हे आधी ठाऊक हवं ना!

आक्का द्रोणात पाणी घेऊन उंबराच्या खोडाशी उभ्या राहिल्या. वऱ्हाड जांभळावर येऊन बसलं. मधे फांदीवाट मोकळी.

"त्यांना म्हणावं या," आक्का म्हणाल्या. "आमची सीमा या उंबराशी."

खंड्या उडत पलीकडे गेला. झुपक्याची आई तिथे फुगून बसली होती. "सामोरं त्यांनी यायचं असतं," ती म्हणाली. "आमची सीमा या जांभळाशी. आपणहून आत जायला आम्ही काय भिकारी आहोत?"

खंड्या परत आला. "ती पुढे यायला सांगते, आक्का."

"मी? स्वागत समितीची अध्यक्ष, मी पलीकडे जाऊ? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे कोण, तर सुळोजीराव, साळिंदर, साळिंदराची बायको आणि काही ससे. पण एवढे लोक पुष्कळ होतात.

कुसुंबी अंगभर उन्हात उभी होती. ती म्हणाली, "आई, मीच जाते ना पलीकडे. चार उड्यांचं तर अंतर आहे."

"गप्प बस! नवरी कधी आपल्या पायानं नवऱ्याकडे गेलीय का? आणि तू गेलीस की हिस्सा गेला."

"कसला हिस्सा गं आई? खायला एवढा एक उंबर तर उरलाय."

आक्कांनी ऐकलं नाही. खंड्या पुन्हा पलीकडे, पुन्हा अलीकडे. त्याचे पंख दुखून आले. दोन आया, दोन झाडं आणि दोघींची नाकं. ऊन ऐनाच्या शेंड्यावर आलं. मुहूर्ताची वेळ झाली.

सुळोजीरावांनी नेच्याच्या पानांची एक हिरवीगार शाल आक्कांच्या खांद्यावर घातली. सशांनी पंजे वाजवले. "चला आक्का, लावा दात."

"जावई येऊ दे की हो अलीकडे."

"आम्ही कुठे अडवलंय? वाट मोकळी आहे. तेच येत नाहीत." हे मात्र खरं होतं. मग सुळोजीराव इतरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुहूर्त टळत असेल तर मान साळिंदरबाईंना देऊ. त्या तयारच आहेत."

साळिंदरबाई पुढे सरकली.

तेवढ्यात झुपक्या उठला. "मानपान गेला खड्ड्यात," तो आईला म्हणाला आणि फांदीवरून निघाला. कुसुंबीनं पाहिलं. ती ओरडली, "आई, थांब! येतोय तो, थांब!"

आक्कांनीही पाहिलं. तो येत होता. पण साळिंदरबाई शालीकडे बघत होती. आक्कांना वाटलं, एक दात नुसता नावाला लावावा. वेल केवढा जाड आहे! तो काय एका दातानं तुटतोय? तोवर पोरगा येईल.

त्यांनी नावाला दात लावला.

सगळा उंबर ज्या वेलावर तोलून उभा होता, तो तडकला. त्याला एवढंच निमित्त हवं होतं. फांद्या सुटल्या. उंबर करकरत मुळासकट उलटला आणि पाण्यात आडवा झाला. लाटेनं सगळे भिजले. पाणी शांत झालं तेव्हा जांभळाच्या टोकाला झुपक्या उभा होता, आणि इकडच्या काठावर कुसुंबी. मधलं अंतर कुठल्याही शेकराला उडी मारून जाण्यासारखं नव्हतं.

"धाकट्या बेटाचा विजय असो!" सुळोजीराव म्हणाले. सशांनी पुन्हा पंजे वाजवले. आक्का द्रोण हातात धरून उभ्याच होत्या. पाय धुवायचं पाणी अजून त्यात तसंच होतं.

मला त्या बाईची कीव येते, मुलांनो. पण राग जास्त येतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. बेटावर फळ देणारं शेवटचं झाड तो उंबरच होता. समितीनं त्याचं तेरावं घातलं, त्याचीच शेवटची फळं खाऊन. नंतर खायला काही उरलं नाही. ससे गेले. साळिंदर गेला, साळिंदरबाई गेली. आक्कांनी ती शाल काही काढली नाही. पानं वाळली, चुरा झाला, तरी देठ खांद्यावर घेऊन बसून असायच्या. एका हिवाळ्यात त्याही गेल्या. त्यांच्या तेराव्याला सुळोजीराव आणि कुसुंबी दोघंच होते. कुसुंबी जेवली नाही.

मग सुळोजीराव म्हणाले, "बाळ, आता नव्या पिढीनं जबाबदारी घ्यायला हवी." त्यांनी कुसुंबीला अध्यक्ष केलं, गळ्यात पडून रडले, आणि पाण्यात उतरून पोहत थोरल्या बेटावर निघून गेले.

तिथे त्यांना कुणी पणजोबांचा पत्ता विचारला नाही. "या, बसा. दमलात का?" एवढंच विचारलं.

कुसुंबी एकटी राहिली. अध्यक्ष तीच, उपाध्यक्ष तीच, महिला आघाडी तीच. ऐनाची साल कुरतडून ती दिवस काढायची आणि सकाळी शेंड्यावर जाऊन हाक घालायची. पलीकडून उत्तर यायचं. एका पावसाळ्यानंतर पलीकडून दोन आवाज येऊ लागले. मग बारीक बारीक आवाजही त्यात मिसळले. झुपक्याला पोरं झाली होती. कुसुंबी तरी हाक घालायचीच. तिला राग नव्हता. बोलायला दुसरं कोण होतं तिला?

मग एका सकाळी इकडून हाक गेली नाही. झुपक्यानं पुन्हा पुन्हा साद घातली. त्याची पोरं विचारू लागली, "बाबा, पलीकडची ओरडत का नाही?"  झुपक्या खाली मान घालून बसला.

आणखी एकजण कान देऊन बसला होता. सुळोजीराव. ते ताडकन उठले, खडकावर चढले आणि म्हणाले, "बंधूंनो, धाकट्या बेटावरचं शेवटचं शेकरू गेलं. फार वाईट झालं. तेरावं घातलं पाहिजे."

तेरावं थाटात झालं. थोरल्या बेटाला पंगत नवीन होती, सगळ्यांना ती आवडली. जेवणानंतर धाकट्या बेटाचा अख्खा हिस्सा त्याचे एकमेव वारस म्हणून सुळोजीरावांना मिळाला. त्यांना हार घालण्यात आला. हार घालून घेताना त्यांचं लक्ष काठाकडे गेलं. तिथे एक आंबा पाण्यावर झुकला होता, एका वेलानं त्याला अलीकडच्या झाडाशी बांधून ठेवलं होतं आणि त्यावरून कुणीतरी नवखं जनावर भीत भीत अलीकडे येत होतं.

"काठाकडून ये-जा जरा जास्तच नाही का?" सुळोजीराव म्हणाले.

तिथल्या तिथे समिती नेमली गेली. वेलाला पहिला दात लावण्याचा मान कुणाला द्यायचा, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी तो झुपक्याच्या आईला मिळाला. झुपक्या "आई, नको" म्हणत होता. पण तिला शाल फार आवडली.

तात्पर्य: दुसऱ्याची वाट तोडायची असेल, तर आधी आपण पोहायला शिकावं. पोहता येत नसेल, तर निदान शाल तरी चांगली बघून घ्यावी, कारण तीच शेवटपर्यंत अंगावर राहते.